३.९ वर थांबलेला आकडा : खानापूर तालुक्यातल्या पाच दूध केंद्रांचं प्रकरण

जुलैतल्या एका बुधवारी सकाळी साडेसहाला टँकर जांबोटी रस्त्यावरच्या केंद्रावर आला. टँकरबरोबरच्या माणसाने बल्क कूलरचं, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीचं, झाकण उचललं, वाकून वास घेतला, थोडं दूध परीक्षानळीत घेऊन तेवढंच अल्कोहोल घातलं आणि नळी हलवली. काचेला पांढरे कण चिकटले. त्याने नळी मामांसमोर धरली आणि काही न बोलता झाकण परत लावलं. आत आदल्या दिवशीच्या दोन्ही वेळचं मिळून ४८० लिटर दूध होतं.

मामांनी त्याच पहाटे पाचला अंथरुणात बसूनच मोबाईलवर पान उघडलं होतं. हिरव्या चौकटीत ३.९ अंश. रात्री नऊला पाहिलं तेव्हाही ३.९. टँकर आला तेव्हा कूलरचा स्वतःचा काटा मात्र १९ दाखवत होता.

ते पान मी बनवलेलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मामांची पाच दूध संकलन केंद्रं तालुक्यात विखुरलेली आहेत. नंदगड बाजूची दोन, जांबोटी-कणकुंबीकडची तीन. पावसाळ्यात पश्चिमेकडच्या गावांत पाऊस धरला की चार-चार दिवस उघडत नाही. झाडं तारांवर पडतात, लाईट जाते-येते, आणि रात्री-अपरात्री मामांना गाडी काढून प्रत्येक कूलर बघत फिरणं जमत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रत्येक केंद्रात मी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, बसवला. तीन ठिकाणी ३ बी प्लस मॉडेल, दोन ठिकाणी झीरो २ डब्ल्यू. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना माऊस. भिंतीवर प्लास्टिकच्या डब्यात अडकवलेला, त्यामुळे केंद्रातली पोरं त्याला ‘डबी’च म्हणतात, आणि मीही आता तेच म्हणतो. डबीतून एक वायर कूलरकडे जाते. वायरच्या टोकाला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या नळीत बंद केलेला. डबी दर मिनिटाला माप घेते, आतल्या मायक्रोएसडी कार्डावरच्या एका फाइलमध्ये लिहिते, आणि ती फाइल वाचून एक साधं वेब पान दाखवते. मामा ब्राउझर उघडतात आणि पाच चौकटी बघतात. दोन वर्षं हे व्यवस्थित चाललं होतं.

त्या रात्री कूलरचं काय झालं

कूलरची गोष्ट लवकर उलगडली. कूलर १,००० लिटरचा, कॉम्प्रेसर थ्री फेजवर. मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास २६० लिटर ताजं दूध आत गेलं. सकाळचं २२० लिटर आधीच ४ अंशांवर होतं. कॉम्प्रेसर सुरू झालेला पाहून पोरगा साडेसातला शटर ओढून घरी गेला. त्यानंतर लगेच तीनपैकी एक फेज गेली. सिंगल फेज प्रिव्हेंटरने आपलं काम केलं आणि मोटार जळू नये म्हणून कॉम्प्रेसर तोडला. पण केंद्रातले दिवे दुसऱ्या फेजवर. बाहेरचा बल्ब रात्रभर जळत होता. समोरच्या घरातल्या आजी सकाळी म्हणाल्या, “लाईट होती की रात्रभर, मग कूलर बंद कसा पडला?”

हिशोब मांडला तर तोही जुळतो. ४ अंशांचं २२० लिटर आणि ३३ अंशांच्या आसपासचं २६० लिटर एकत्र झालं की सरासरी २० च्या जवळ येते. कूलरच्या भिंतींत इन्सुलेशन असतं, बाहेर पावसाची थंड हवा, त्यामुळे दूध जिथे होतं तिथेच राहिलं. १९ अंशांवर अकरा तास. धारेच्या दुधाला पहिले दोन-तीन तास नासू न देणारा स्वतःचा थोडा गुण असतो. कूलरने ३५ अंशांचं दूध तीन तासांत ४ वर आणावं ही अपेक्षा त्यासाठीच असते. अकरा तास फार झाले.

कूलर बंद पडणं हा अपघात होता. असे अपघात होणार, हे धरूनच डबी बसवली होती. डबीने सांगितलं असतं तर साडेआठला पोरगा जाऊन जनरेटर सुरू करून आला असता. ती गप्प का राहिली, हा मला छळणारा प्रश्न होता.

पान उघडत होतं

बुधवारी नऊ वाजता मी दुकानातून ते पान उघडलं. लगेच उघडलं. ३.९. वरच्या कोपऱ्यात घड्याळ, सेकंदाचा आकडा पळतोय. सगळं जिवंत दिसत होतं. मग लक्षात आलं की ते घड्याळ डबीचं नाहीच. पान सुंदर दिसावं म्हणून मी ब्राउझरमध्येच चालणारं घड्याळ टाकलं होतं. ते मामांच्या मोबाईलची वेळ दाखवत होतं. मोबाईल चालू असेपर्यंत ते पळणारच. मामा रोज त्या पळत्या सेकंदांकडे बघून डबी चालू आहे असं समजत होते.

लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे लांबूनच आज्ञा देण्याच्या सोयीने, डबीत शिरलो. कार्डावर एक रिकामी फाइल बनवायला सांगितली. उत्तर आलं, फाइल सिस्टिम रीड-ओन्ली आहे. कार्डावर लिहिताना गंभीर चूक आली आणि लेखनाची नोंद ठेवणारं जर्नल थांबलं, की डबीतल्या लिनक्स सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आणखी नुकसान होऊ नये म्हणून ते विभाजन फक्त वाचण्यापुरतं ठेवतो. मशीन बंद पडत नाही. नेटवर्क चालतं, पिंगला उत्तर मिळतं, वेब सर्व्हर पान देत राहतो. फक्त नवीन काही लिहिलं जात नाही. शेवटचं माप सोमवारी दुपारचं होतं, ३.९, आणि तेच माप चाळीस तास हिरव्या चौकटीत बसून होतं. मंगळवारी सकाळी टँकर आला तेव्हा कूलर खरंच थंड होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

माप घेणाऱ्या माझ्या पायथन स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, फाइल लिहिण्याच्या ओळीभोवती मी एक कुंपण घातलं होतं : लिहिताना चूक आली तर सोडून दे आणि पुढच्या मिनिटाला परत प्रयत्न कर. सुरुवातीच्या काळात स्क्रिप्ट मधेच बंद पडायची, ती पडू नये म्हणून. त्या चार शब्दांनी स्क्रिप्टला चाळीस तास गप्प बसवलं. ती कुंपण न घालता कोसळली असती तरी मला परवडलं असतं, कारण कोसळलेली स्क्रिप्ट निदान लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींमध्ये, दिसते.

दुसरी चूक जास्त खोल आहे, आणि ती मला मामांनी दाखवली. दुपारी ते दुकानात येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “सातला गरम दूध ओतलं. नऊला ३.९ कसं होईल? हे मला कळायला पाहिजे होतं रे. तीस वर्षं दूध बघतोय.” मी म्हटलं, “मामा, तुम्हाला नाही, ते पानाला कळायला पाहिजे होतं.”

खरंच, चालू कूलरच्या मापाचा आलेख कधीच सपाट नसतो. कॉम्प्रेसर सुरू-बंद होतो तसा तो करवतीच्या दातांसारखा खालीवर होतो, आणि दिवसातून दोनदा दूध ओतलं की डोंगर उभा राहतो. शिवाय हा सेन्सर १२ बिटांवर ०.०६२५ अंशाच्या पायरीने मोजतो. कूलर कितीही स्थिर असला तरी शेवटची पायरी एखादवेळ तरी हलतेच. मी मात्र आकडा वाचायला सोपा जावा म्हणून एका दशांश स्थळापर्यंत गोल केला होता. माप जिवंत असल्याची जी बारीकशी हालचाल होती, तीच मी पुसून टाकली होती. आलेख दुसऱ्या पानावर होता, एक बोट जास्त दाबावं लागत होतं, आणि तिकडे महिनोन्महिने कुणी गेलं नव्हतं.

कार्ड का मेलं

याच्यावर मी दोन दिवस घालवले. आधी मला वाटलं कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं, त्याने डबी अडखळत असेल. डबीला विचारलं तर तिने ०एक्स५०००० असं उत्तर दिलं. रास्पबेरी पायवर या आकड्याचा अर्थ ठरलेला आहे : शेवटच्या बूटपासून, म्हणजे मशीन शेवटचं सुरू झाल्यापासून, कधीतरी व्होल्टेज कमी पडलं होतं आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेग घटवला गेला होता. बोर्डवर ५ व्होल्टची लाइन साधारण ४.६३ च्या खाली गेली की ही खूण लागते. मोबाईलचा चार्जर आणि बारीक केबल, म्हणजे हे होणारच. पण एवढ्याने कार्ड मरत नाही.

मग लॉगमधल्या बूटच्या नोंदी मोजल्या. ११ दिवसांत ७४ बूट. आणि जवळपास प्रत्येक बूटची पहिली ओळ कुठल्या ना कुठल्या तासाच्या सतराव्या मिनिटाची. ६:१७, ६:१७, ९:१७. सुरुवातीला मला वाटलं की गावात तासाच्या सतराव्या मिनिटाला काहीतरी सुरू होतं. तसं काही नव्हतं. या डब्यांमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ विसरली. म्हणून सिस्टिम दर तासाला चालू वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि बूट होताना तिथूनच वेळ उचलते. डबीतलं लिनक्स डेबियन प्रकारचं आहे, आणि डेबियनमध्ये दर तासाची कामं सतराव्या मिनिटाला चालतात. त्यामुळे अचानक वीज गेलेली प्रत्येक डबी जागी होताना सतरा मिनिटं झाली आहेत असंच समजते. नेट मिळालं की मग खरी वेळ लावून घेते. ज्या दिवशी नेटही नव्हतं, त्या दिवशीचे चार-चार बूट एकाच मिनिटावर रचून ठेवलेले दिसले.

खरी वेळ मिळाली ती केंद्रातल्या वहीतून. डिझेलचा हिशोब ठेवायला पोरगा जनरेटर कधी सुरू केला, कधी बंद केला, ते लिहून ठेवतो. दोनशे पानी वही, ओल्या हातांनी लिहिल्यामुळे शाई पसरलेली. नेटवरून वेळ लागल्यानंतरच्या लॉगमधल्या नोंदी आणि वहीतले आकडे शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा ते बसत गेले. लाइनवरून जनरेटरवर आणि जनरेटरवरून परत लाइनवर, प्रत्येक बदलाला डबीची वीज पूर्ण तुटत होती. एकदा लाईट गेली की दोन बूट. पावसाळ्यात दिवसाला तीन-चार वेळा. त्यातलं एखादं तुटणं नेमकं कार्ड लिहीत असताना आलं की मायक्रोएसडी कार्ड बिघडतं. दोन वर्षं ते टिकलं हेच खूप.

आता काय केलंय

सगळ्यात आधी पान बदललं. आकड्याशेजारी तो किती मिनिटांपूर्वीचा आहे ते तेवढ्याच मोठ्या अक्षरात येतं, आणि ते मिनिट डबीच्या नोंदीवरून काढलेलं असतं. माप पाच मिनिटांपेक्षा जुनं झालं की आकडा पानावरून निघून जातो आणि काळ्या चौकटीत फक्त ‘माप नाही’ येतं. जुना आकडा फिकट रंगात दाखवावा असं माझ्या एका मित्राचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. आकडा दिसला की माणूस तो वाचतो, रंग कुठलाही असो. ब्राउझरचं घड्याळ काढून टाकलं.

मापालाही आता चाळणी आहे. ८५ अंश हा आकडा आला तर तो फेकून द्यायचा. या सेन्सरला वीज मिळाल्यावर खरं माप व्हायच्या आधी तो ८५ च सांगतो. दोन तासांत माप एका पायरीनेही हललं नाही तर चौकट पिवळी. दूध ओतायची वेळ होऊन गेली आणि डोंगर उभा राहिला नाही तरी पिवळी, कारण सेन्सर कूलरवरच्या त्याच्या खिशातून निसटून नुसता भिंतीला लटकत असेल तर असंच होतं.

दुसरं काम मोठं होतं. डबीने स्वतःचं पान स्वतःच द्यायचं, ही मांडणीच अपुरी होती. ब्राउझरमधून डबीची प्रकृती दाखवणारी तयार साधनं भरपूर आहेत. आरपीआय-मॉनिटर ८८८८ पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार), कॉकपिट ९०९० वर, नेटडेटा १९९९९ वर. प्रोसेसरचं तापमान, मेमरी, कार्डावर किती जागा उरली, सगळं छान दिसतं, आणि मी कॉकपिट आजही वापरतो. पण ही पानं त्याच डबीतून येतात. डबी गेली की पान उघडत नाही, आणि पान उघडत नाही हे कळायला कुणीतरी ते उघडून बघावं लागतं. रात्री दोनला कोण बघणार?

म्हणून दुकानात एक सहावी डबी बसवली, इन्व्हर्टरवर, आणि तिच्यावर अपटाइम कुमा, म्हणजे बाकीची मशीन चालू आहेत का ते बघत राहणारं सॉफ्टवेअर. त्यात ‘पुश’ नावाचा प्रकार आहे. केंद्रातली डबी दर मिनिटाला दुकानातल्या डबीला हाक देते, पण सेन्सरचं ताजं माप घेऊन ते चाळणीतून गेलं तरच. हाक चार मिनिटं आली नाही की धोका. वीज गेली, नेट गेलं, कार्ड मेलं, सेन्सर तुटला, स्क्रिप्ट अडकली, कारण काहीही असो, हाक थांबते आणि तेवढंच पुरतं. कारण नंतर शोधता येतं.

टेलिग्रामवर संदेश येतो, पण मामा रात्री मोबाईल देवघराशेजारी चार्जिंगला लावून झोपतात. त्यामुळे त्यांच्या घरी एक झीरो २ डब्ल्यू आणि बझर लावला. दुकानातल्या डबीने धोका सांगितला की बझर वाजतो, आणि दुकानातली डबीच उत्तर देईनाशी झाली तरी वाजतो. त्यामुळे राखणदारावरही कुणाची तरी नजर राहते. मामी पहिल्या आठवड्यात दोनदा दचकून उठल्या. दोन्ही वेळा माझंच नेट गेलं होतं, म्हणून दुकानात दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला राउटर जोडला.

वॉचडॉगबद्दल अनेकांनी सुचवलं. रास्पबेरी पायमध्ये तो हार्डवेअरमध्येच असतो. पंधरा सेकंदांच्या आत त्याला कुणी थोपटलं नाही तर तो मशीन रीस्टार्ट करतो. मी तो सुरू केलाय. पण या प्रकरणात त्याचा उपयोग झाला नसता, कारण कर्नल धडधाकट होता आणि वॉचडॉगला वेळेवर थोपटत होता.

विजेसाठी प्रत्येक डबीला १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लहान बॅटरी आणि ५.१ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर दिला. राउटरही त्याच बॅटरीवर. जनरेटरच्या बदलात आता डबीला काही कळत नाही. बॅटरीवर गेल्यामुळे तिला लाईट गेल्याचं वेगळं सांगावं लागतं. तिन्ही फेजवर एकेक जुना मोबाईल चार्जर लावून, त्यांचे सिग्नल ऑप्टोकप्लरमधून (तार न जोडता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा छोटा भाग) डबीच्या पिनांना दिले. चार्जरचे ५ व्होल्ट थेट पिनेला जोडायचे नाहीत, ती ३.३ व्होल्टच सोसते. आता पानावर तीन फेजचे तीन छोटे दिवे आहेत, आर, वाय, बी (लाल, पिवळा, निळा). त्या मंगळवारी यातला एक विझलेला दिसला असता.

कार्डावर लिहिणं जवळपास बंद केलं. रास्पबेरी पायच्याच सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे; तो लावला की सगळं लेखन मेमरीत होतं आणि कार्ड नुसतं वाचलं जातं. इतिहास दुकानातल्या डबीत साठतो. अपडेट करायचं तर ओव्हरले काढा, रीस्टार्ट, अपडेट, परत लावा, एवढा व्याप वाढला. तो मला मान्य आहे. वेळेसाठी डीएस३२३१ चं छोटं घड्याळ लावलं, सतरा मिनिटांचं कोडं संपलं.

बाहेरून बघण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. सिमवरच्या नेटला बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे ते झालंही नसतं. झालं असतं तरी मी केलं नसतं. सगळ्या डब्या आणि मामांचा मोबाईल टेलस्केलच्या खासगी जाळ्यात आहेत. या निमित्ताने तपासलं तर दोन डब्यांवर अजून कारखान्यातून येणारा जुना पासवर्डच होता. एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएसने तो ठेवणं बंद केलं, पण माझी कार्डं त्याआधीची. ते त्याच दिवशी बदलले.

एक गोष्ट केंद्रातल्या पोरांनी सुचवली. पाचपैकी दोन केंद्रांत काम करणारी पोरं घरी कन्नड बोलतात. मराठी समजतं, पण घाईत वाचायला वेळ लागतो. म्हणून ‘माप नाही’च्या खाली कन्नडमध्येही तेच, आणि फेजच्या दिव्याखाली ‘करंट इल्ला’, म्हणजे वीज नाही. आकडे मात्र वजनकाट्यावर येतात तसेच ठेवले, कारण रोज सकाळ-संध्याकाळ ती सगळी जण तेच आकडे वाचतात.

४८० लिटरचे पैसे मामांनी शेतकऱ्यांच्या दहा दिवसांच्या बिलातून कापले नाहीत. अर्धे मी दिले. ते घ्यायला तयार नव्हते, पण मी ऐकलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही एका केंद्रात मुद्दाम काहीतरी तोडतो. कुठलं केंद्र आणि काय तोडायचं ते मी मामांना सांगत नाही. गेल्या सोमवारी नंदगड बाजूच्या केंद्रात सेन्सरची वायर उपटली आणि घड्याळ लावून उभा राहिलो. चार मिनिटं वीस सेकंदांनी माझा मोबाईल वाजला. पलीकडे मामा, मागे बझरचा आवाज. “चार नंबर गेलाय. तू आहेस काय तिथं?”